हुन्नरवाडीत जमीन घेण्याआधी

मु. हुन्नरवाडी, ता. निपाणी
शुक्रवार, दुपार

चि. चिन्मय यास,

हुन्नरवाडी मुक्कामाहून तुझ्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही. तुझा रक्तदाब कसा आहे? बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून तो उतरला असेल, किंवा दिवसभर घरी बसल्यामुळे चढला असेल. मी दोन्ही प्रकारचे निवृत्त पाहिले आहेत. सौ. निवेदिताची मान दुखायची थांबली का? तिला सांग, मी पाठवलेला गूळ तिने कुंड्यांना घातल्याचं मला कळलं आहे आणि मी रागावलेलो नाही. (गुलाबाला आवडला का तेवढं कळवावं. माणसांपैकी अजून कुणी आवडल्याचं कळवलेलं नाही.) तुझी अक्का, म्हणजे आमची विद्युल्लता, 'चार दिवस राहून येते' म्हणून बेळगावात अनगोळला तुमच्याकडे आली ती अजून तिथेच आहे. तिची तब्येत उत्तम असणार. मी जवळ नसलो की ती उत्तमच असते, असं तुझ्या आईचं फार जुनं निरीक्षण होतं.

तू विचारतोस की माझ्या गुऱ्हाळाला लागून असलेलं शेत विकायचं आहे असं ऐकलं, पैसे हाताशी आहेत, तर ते घ्यावं का आणि गावात येऊन राहावं का. शिवाय लिहितोस, 'बेळगावच्या व्याख्यानमालेतलं तुमचं ते भाषण अजून कानात आहे.' उत्तर एका शब्दात देतो आणि कारणं सविस्तर देतो. घेऊ नकोस. आता कारणं. चहा घेऊन बस.

ते भाषण मला पाठ आहे. 'गावं ओस पडताहेत आणि आपण शहरातल्या गच्चीवर कुंडीत कोथिंबीर लावून शेतीच्या गप्पा मारतो! पैसा बँकेत ठेवला तर व्याज मिळेल, मातीत ठेवला तर गाव मिळेल!' या वाक्याला टाळ्या थांबेनात. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. साक्षरता असो, सहकार असो, सीमाप्रश्न असो, मी आयुष्यभर जे बोललो ते पोटातून बोललो. घोटाळा झाला तो घरी परत जाताना रिक्षात. विद्युल्लता म्हणाली, ''छान झालं. मग आपण कधी जायचं?'' हा प्रश्न होता की टोमणा होता हे मी तपासायला हवं होतं. मी त्याला संमती समजलो. अनगोळचं आमचं घर विकलं आणि हुन्नरवाडीत जमिनीचा एक तुकडा आणि त्यावरचं बंद पडलेलं गुऱ्हाळ विकत घेतलं. (उतारा कानडीत आहे. त्यात काय लिहिलंय ते मला तलाठ्याने मराठीत सांगितलं, विकणाऱ्याने त्याहून वेगळं सांगितलं, आणि शेवटी बांधावरच्या बाभळीने तिसरंच सांगितलं. पण तो विषय वेगळा.)

गुऱ्हाळ का, तर रसायन न घालता गूळ करायचा, गावातल्या उसाला गावातच भाव द्यायचा आणि बेळगावजवळ मच्छे इथल्या कारखान्यात पाळ्या करणारी गावची पोरं परत आणायची. विचार चुकीचा होता असं मला अजून वाटत नाही. मदतीला मष्णू आप्पा मिळाला. हा इथला जुना गुळव्या. रटरटणारा पाक काहिलीतून नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. सत्तरी ओलांडलेला, तोंडात सतत विडी, आणि भाषणांचा विलक्षण शौकीन. निपाणीत कुठल्याही पक्षाची सभा असली तरी हा जायचा, मत कुणालाच द्यायचा नाही. मला पहिल्याच भेटीत म्हणाला, ''अण्णा, तुमाला मी तीनदा ऐकलंय. दोनदा लई चांगलं बोललासा.'' तिसऱ्या वेळी काय झालं हे त्याने कधीच सांगितलं नाही.

गुऱ्हाळाच्या उद्घाटनाला मी बोलणार हे ओघाने आलंच. चरक सुरू झाला, रस काहिलीत पडला, खाली चुलवाणात चिपाडं धडधडू लागली आणि मी बोलायला उभा राहिलो. विषय होता गावाची गोडी. श्रोते इतके रंगले की जाळ घालणारे, मळी काढणारे, स्वतः मष्णू आप्पा, सगळे काहील सोडून माझ्या पुढ्यात येऊन बसले. मी 'हा गोडवा साऱ्या देशात दरवळेल' म्हणालो त्याच क्षणी दरवळ आला, पण तो करपल्याचा होता. पहिली काहील गेली. त्या गुळाची एक ढेप मी आठवण म्हणून ठेवली आहे. दार वाऱ्याने लागू नये म्हणून ती दाराशी लावतो. पुढच्या काहिली करपल्या नाहीत, पण रसायन नाही म्हटल्यावर गूळ काळसरच होणार. निपाणीच्या व्यापाऱ्याने ढेप हातात घेऊन उन्हात धरली आणि विचारलं, ''अण्णा, ह्ये खायचं का रस्त्यावर घालायचं?'' मी तिथेच पिवळ्या गुळाच्या नैतिक अधःपतनावर बोललो. हमालांनी टाळ्या वाजवल्या. गूळ परत आणला.

तरीही धंदा सावरला असता. चार-पाच शेतकरी ऊस आणायला लागले होते. पण त्याच सुमारास नागोजी वारला, आणि माझ्या गुंतवणुकीचं खरं वाटोळं तिथून सुरू झालं.

आपल्या अनगोळच्या गल्लीत माणूस गेला की चार जण हळू आवाजात बोलतात आणि पाचवा गाड्या नीट लावायला सांगतो. इकडे तसं नाही. इकडे रक्षाविसर्जन हा गावाचा मोठा सोहळा असतो. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला अख्खं गाव स्मशानात जमतं, बायकासुद्धा येतात, पाहुणे येतात, आणि ध्वनिक्षेपक लावून श्रद्धांजलीची भाषणं होतात. (पूर्वी तिसरा दिवस म्हणजे तिसराच असायचा. आता पुण्याहून येणाऱ्या मुलांच्या सोयीने तो बहुधा रविवारी येतो. मृत्यूलाही साप्ताहिक सुटी बघावी लागते.) नागोजीच्या वेळी बोलायला माणूस नव्हता. पंचायतीचे अध्यक्ष बेंगळूरला गेले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नागोजीला ओळखतही नव्हतो. मष्णू आप्पाला कानात विचारलं, ''कसा होता माणूस?'' तो म्हणाला, ''मानूस बेकार. बैलं मात्र झ्याक ठेवायचा.''

मग मी बैलांवर बोललो. ज्या माणसाची बैलं शेवटपर्यंत पोट भरून जेवली त्या माणसाच्या काळजात काय होतं हे आपण कधी विचारलं का, असं विचारलं. चिन्मय, गाव रडलं रे. नागोजीची दोन्ही मुलं काळे चष्मे लावून आली होती, त्यांनी ते काढले. थोरल्याने तिथल्या तिथे सिमेंटचं बाकडं जाहीर केलं. परतताना एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, ''नागोजी आज असता तर त्येला बी रडू आलं असतं.'' मी आयुष्यभर जिवंत माणसांपुढे बोललो, त्यांच्यातल्या कुणी मी बोललेलं केल्याचं मला आठवत नाही. इथे एका भाषणात बाकडं झालं. माझ्या जागी तू असतास तर तुलाही चढली असती.

त्यानंतर मला बोलावणी सुरू झाली. आधी हुन्नरवाडी, मग शेजारची गावं, मग पार कोगनोळीच्या नाक्यापर्यंत. न्यायला गाडी, परत सोडायला गाडी, खांद्यावर शाल. मी गेलेल्या माणसांबद्दल खोटं बोलत नव्हतो. प्रत्येकात खरं काहीतरी असतं, ते शोधून मी मोठ्या आवाजात सांगत होतो. आणि त्या निमित्ताने जिवंतांनाही सुनावत होतो. 'बाप जिवंत असताना सहा महिन्यांत आला नाहीत आणि राखेला धावत आलात!' हे मी तोंडावर बोललो आहे. त्याचा परिणाम असा झाला की मुलांना भरून आलं आणि त्यांनी स्मशानाला देणग्या दिल्या. आज हुन्नरवाडीत शाळेची दोन छपरं गळतात, दवाखान्याला कुलूप आहे, बसथांब्याला बाकडं नाही, आणि स्मशानात पत्र्याची भव्य शेड, फरशी, पाण्याची टाकी, दिवे आणि कै. अमुक यांच्या स्मरणार्थ दिलेल्या बाकड्यांच्या तीन रांगा आहेत. गावातून बाहेर गेलेल्यांनी गावात गुंतवणूक करावी, असं मी त्या भाषणात म्हणालो होतो ना? केली. तू जर हुन्नरवाडीत भरभराट शोधत असशील तर ती ओढ्याच्या पलीकडे आहे आणि तिथे जायला घाई करू नये.

इकडे माझ्या गुऱ्हाळाकडे मात्र ऊस यायचा थांबला. आधी वाटलं भाव पटत नसेल. मग एकदा भरमूला बरं नाही असं कळलं म्हणून त्याला भेटायला गेलो. भरमू म्हणजे ज्याचा ऊस माझ्याकडे सगळ्यांत आधी आला तो. नुसता हिवताप होता. मी दारात पाऊल टाकलं आणि आतून त्याच्या बायकोने हंबरडा फोडला. भरमू अंथरुणावर ताडकन उठून बसला आणि म्हणाला, ''अण्णा, मला कायबी झाल्यालं न्हाय! उद्याच्याला नांगरटीला जानार हाय!'' मी म्हणालो, ''अरे, सहज आलो. कसा आहेस, लहानपण कुठं गेलं, विचारावं म्हटलं.'' हे ऐकून तो जास्तच घाबरला. त्याला वाटलं मी माहिती गोळा करायला आलोय. दुसऱ्या दिवशी तो खरंच अंगात ताप घेऊन नांगरटीला गेला, आणि त्याचा ऊस पलीकडच्या गावातल्या गुऱ्हाळावर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रस्त्याने निघालो की ओट्यावरच्या म्हाताऱ्या पोथी मिटून आत जायच्या. निपाणीच्या दवाखान्यात कुणाला दाखल केलं आणि मी चौकशी केली की लोक 'लई सुधारलंय' असं ओरडून सांगायचे. उलट घरात खरोखरच शेवटचं चाललेलं असलं की मला निरोप यायचा, ''अण्णा, आयतवारी मोकळं हायसा न्हवं?'' आणि तो माणूस तेव्हा अजून पाणी मागत असायचा. चिन्मय, मी अंधश्रद्धेविरुद्ध या जिल्ह्यात शेकडो सभा घेतल्या. मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणाऱ्यांची मी टर उडवली. आज मी स्वतः ते मांजर आहे.

पण माझं सोड. माझ्या अंगावर आलेलं मी परतवू शकतो, मला आवाज आहे. विद्युल्लतेचं काय? ती इथे रमली होती हे तुला माहीत नसेल. अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसायची, सकाळी पेटी काढून गावच्या मुलींना गाणं शिकवायची. कुणाच्या घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला तिलाच बोलावणं. बेळगावच्या घरात तिला मी सोडून ऐकायला कुणी नव्हतं, आणि मी ऐकणाऱ्यातला नव्हे. डिसेंबरात शेजारच्या अक्काताईच्या नातवाचं बारसं ठरलं. मधे फक्त एक भिंत. विद्युल्लतेने बाळासाठी आठवडाभर खपून दुपटं शिवलं होतं. बारशाच्या दिवशी तिने जांभळं लुगडं नेसलं, दुपटं मांडीवर घेतलं आणि दाराशी बसली. भिंतीपलीकडे बायका जमल्याचं ऐकू आलं, पाळणा हलल्याचं ऐकू आलं, आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी बेसूर आवाजात पाळणा सुरू झालेला ऐकू आला. बोलावणं आलं नाही. माझी बायको म्हणून आलं नाही.

तिने दुपट्याची घडी पुन्हा घातली. बोललो मी. (इथे तू कपाळाला हात लावशील, लाव.) मी तसाच उठून अक्काताईच्या घरात शिरलो आणि पाळण्याशेजारी उभा राहून अज्ञान, भीती आणि विसावं शतक सरूनही न सरलेला अंधार या विषयावर बोललो. इतकं जळजळीत मी कधीच बोललो नव्हतो. बायका घुगऱ्या हातात धरून उभ्याच राहिल्या. बाळ माझा आवाज ऐकून जे रडायला लागलं ते थांबेना. आणि त्याच रात्री त्याला ताप आला. गारठ्यामुळे आला, गावातल्या निम्म्या पोरांना होता, दोन दिवसांत उतरलाही. पण ते कोण ऐकतं? मी अक्काताईला विज्ञान सांगायला जाणार होतो. विद्युल्लतेने दाराला कडी घातली आणि म्हणाली, ''बास. तुमची बाजू बरोबर आहे. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर एका गावात राहणं मला जमत नाही.'' मग म्हणाली, ''ज्या दिवशी स्मशानात बोलायचं सोडाल त्या दिवशी येईन.'' आणि दुपटं अक्काताईच्या ओट्यावर ठेवून ती निघून गेली. आपल्या कर्नाटक सरकारने बायकांना बस मोफत केली तेव्हा मी निपाणीच्या चौकात त्या योजनेच्या बाजूने तासभर बोललो होतो. त्या तासभरात, बायका या बसमध्ये बसून नेमक्या कुणाला सोडून जातील, हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला.

ती गेल्यावर आठवड्याने अक्काताई आली. दाराबाहेरच उभी राहिली. मला वाटलं चूक उमगली, बोलावणं करायला आली असेल. म्हणाली, ''अण्णा, माझ्या राखंच्या वक्ताला तुमीच बोलायचं बरं का. लेकांस्नी मी सांगून ठेवलंय. लई चांगलं बोला.'' मी विरघळलो. म्हणालो, ''अक्काताई, आत तरी ये, चहा घे.'' ती दोन पावलं मागे सरकली. ''चा नगो. आनि अण्णा, राग मानू नगासा, पर तवर आमच्या घराकडं येऊ नगासा.'' हुन्नरवाडीत माझं स्थान काय आहे ते या दोन वाक्यांत पूर्ण आलं आहे. तू जमीन घेशील, राहायला येशील, तर माझा मेहुणा म्हणून त्यातलं निम्मं तुझ्या वाट्याला येईल. म्हणून सांगतो, घेऊ नकोस.

एकच माणूस शेवटपर्यंत माझ्याकडे येत राहिला तो मष्णू आप्पा. गुऱ्हाळ थंड पडलं तरी तो रोज सकाळी यायचा, रिकाम्या काहिलीच्या काठावर बसायचा आणि विडी ओढायचा. आम्ही दोघं उसाची वाट बघत बसायचो. त्याला कशाची भीती नव्हती. संक्रांतीनंतर एकदा म्हणाला, ''अण्णा, समद्यांचं भाषान मी ऐकलं. माझंच तेवढं मला ऐकाय गावायचं न्हाय. आताच म्हना की.'' मी आधी नाही म्हटलं. मग त्याचा चेहरा बघून उभा राहिलो आणि त्या ओसाड गुऱ्हाळात, एका श्रोत्यापुढे, मष्णू आप्पाच्या श्रद्धांजलीचं भाषण केलं. कष्ट आले, इमान आलं, गोडवा आला, मातीशी नातं आलं. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर विडी विझवून म्हणाला, ''लई ग्वाड झालंय. पर त्यात मी कुटं हाय?'' मी म्हणालो, ''मग तूच सांग, काय सांगू?'' त्याने विझलेली विडी कानावर ठेवली. म्हणाला, ''ह्येच सांगा की. बसून असायचा म्हनावं.''

बुधवारी सकाळी तो आला नाही. गोठ्यात शेण काढताना बसला तो बसलाच.

आता गावाला पुरावाच मिळाला आहे. 'अण्णानं आधीच भाषान म्हटलं, म्हनून गेला.' त्याची धाकटी सून म्हणते, त्या माणसाला स्मशानात पाऊल टाकू देणार नाही. थोरला मुलगा विक्रम म्हणतो, आबांची इच्छा होती, अण्णांनीच बोलायचं, आणि त्याने पुण्याच्या पाहुण्यांना तसं सांगूनही टाकलं आहे. काल संध्याकाळी दोघंही आपापला निरोप घेऊन माझ्या दारात आले आणि माझ्यासमोरच भांडले. मी, चिन्मय, चक्क गप्प बसलो. दोघांनाही ते अपशकुनी वाटलं. रविवारी सकाळी रक्षाविसर्जन आहे. बोललो तर तुझी अक्का येत नाही, तिने अट घातली आहे आणि ती घातलेली अट काढत नाही. न बोललो तर ज्या एका माणसाने मला या गावात माणूस म्हणून वागवलं, त्याच्या राखेपाशी मी तोंड शिवून उभा. आयुष्यभर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकणारा वक्ता म्हणून बक्षिसं घेतली. आता दोन्ही बाजू समोर आहेत आणि मला एकही वाक्य सुचत नाही.

असो. तू शेताचं विचारलं होतंस, त्याचं उत्तर यात आलं असावं. पैसे बँकेत ठेव. कोथिंबीर कुंडीत लाव. त्या भाषणाची ध्वनिफीत तुझ्याकडे असेल तर पुसून टाक. निवेदिताला आशीर्वाद. लोभ आहेच, तो तिथे राहूनच ठेवावा.

तुझा,
दत्तोपंत

ता.क. शेत घेऊ नकोस हे कायम. मात्र बघायला ये. तू रविवारी येणार असं मी शेतमालकाशी बोलून बसलो आहे. का बोललो, ते मलाही माहीत नाही. तो म्हणाला, घ्यायला नको पण निदान कुणी बघायला तरी यावं असं वाटतं हो. मला ते पटलं.

ता.क. दुसरा. हे पत्र टपालाने न पाठवता मष्णू आप्पाचा नातू ओमकार याच्या हाती देतो आहे. तो मच्छ्याला कारखान्यात आहे, रजा नाही म्हणून आज परत जातोय, रविवारी पहाटे पुन्हा इकडे यायला निघणार. त्याच्या गाडीत जागा आहे. हे पत्र तुझ्या अक्काला दाखवू नकोस. (फोन मी केला असता, पण माझा फोन आला की ती 'हं' म्हणून तो ओट्यावर ठेवते आणि भाजी चिरते, मला सुरीचा आवाज येतो.)

ता.क. तिसरा. विद्युल्लते, तू हे चिन्मयच्या आधी वाचलं असणार. तेव्हा सरळ सांगतो. मी रविवारी बोलणार आहे. तुझी अट मोडतो आहे, ती योग्य होती हे मान्य करून मोडतो आहे. यानंतर मी स्मशानात बोलणार नाही, पण हे वचन तू मानू नकोस, माझ्या वचनांचं तुला माहीतच आहे. तू अट म्हणून येऊ नकोस. नुसतीच ये.

तुला एक कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक सभेला तू तिसऱ्या रांगेत कडेला बसायचीस. लोकांना वाटायचं, बायको कौतुकाने ऐकते आहे. तू चष्मा काढून पर्समध्ये ठेवलास की मी दोन वाक्यांत आवरतं घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यायचं की वक्त्याला योग्य जागी थांबण्याची कला साधली आहे. तू गेल्यापासून मी जिथे बोललो तिथे लांबलो. मष्णू आप्पाबद्दल मला एकच वाक्य सांगायचं आहे आणि मी उभा राहिलो की त्याचा तास होईल, हे मी ओळखून आहे. शेडमध्ये बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत कडेचं बाकडं रिकामं असतं. चष्मा घालून ये.